इथे पाणी मारू नये

ताजं सिमेंट दिसलं की माझ्या वडिलांचा हात पाण्याकडे जातो. उभी हयात त्यांनी सरकारी ओव्हरसियर म्हणून कालव्यांवर काढली आणि तिथे एकच मंत्र जपला: माल पडला की पाणी मारा, आणि मारत राहा. निवृत्त झाल्यावर कालवे सुटले, मंत्र काही सुटला नाही. अमरावतीत सकाळी फिरायला निघाले की वाटेतल्या प्रत्येक नव्या भिंतीला ते तळहात लावून बघत. भिंत कोरडी लागली तर सरळ त्या घराची बेल वाजवायची आणि झोपेतून उठून आलेल्या माणसाला सांगायचं, "भाऊ, भिंत तहानली तुमची." लोक आधी चिडायचे, मग पाणी मारायचे, आणि पुढच्या आठवड्यात बाबांना चहाला बोलवायचे. जित्याची खोड, ती काय निरोपाच्या नारळाबरोबर जाते?

तर हे बाबा गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आयर्लंडात, डंडॉकला आले. वहिनीच्या बाळंतपणासाठी आई भावाकडे पुण्याला गेली होती. बाळंतिणीच्या घरात बाबांचा उपयोग शून्य, उलट अडचणच, म्हणून ते माझ्या वाट्याला आले. आल्या आल्या त्यांनी खिडकीतून आमच्या परसातल्या भिंतीवर पडणारा पाऊस पाहिला. दुसऱ्या दिवशी तोच पाऊस, त्याच भिंतीवर. तिसऱ्या दिवशी ते चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहिले आणि जरा नाराजीनेच म्हणाले, "इथं तं देवच पाणी मारून राहिला."

आता माझ्याबद्दल. मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर आहे, आणि हे वाक्य मी कितीतरी वर्षं कुणाला ऐकवलं नव्हतं. लग्न झालं, नवऱ्यामागोमाग आयर्लंडला आले. नवरा पुण्याचा, इथल्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. मी त्याच्या व्हिसावर लटकलेली. मुलगी झाली, ती मोठी होता होता मी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊ लागले, दिवाळीत चकल्या विकल्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. माझी पदवी त्या प्रेसमध्ये मुलीच्या तोकड्या झालेल्या स्वेटरांखाली आडवी पडली होती. बाबा फोनवर मित्रांना सांगायचे, "जावई लय मोठ्या कंपनीत हाये." आणि माझी चौकशी झाली की, "ती घरीच असते, बरं चाललंय तिचं." त्या 'बरं चाललंय'चा मला इतका राग यायचा की मी चकल्यांचं पीठ हवं त्यापेक्षा जास्त मळायची.

मग मी इथल्या तंत्रशिक्षण संस्थेत एक छोटा अभ्यासक्रम केला आणि त्यातून मला काम मिळालं. गावाबाहेर, उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीच्या बाजूला, एक ब्लॉक बनवायचं यार्ड आहे. भिंतीचे ब्लॉक, फरसबंदीचे ब्लॉक, रस्त्याकडेचे दगड असलं सगळं तिथे होतं. मालक साठी ओलांडलेले, लालबुंद चेहऱ्याचे आणि तोंडातून शब्द काढायला महाग. त्यांनी संस्थेच्या मदतीने एक प्रयोग मांडला होता आणि तो चालवायला माणूस हवा होता. तो माणूस मी. पण नोकरी शरदापुरतीच. डब्लिनजवळ डून लेरीला समुद्रकाठी एका गृहसंकुलाचं अंगण फरसबंद करायचं होतं आणि तिथल्या लोकांना हवेला कमी त्रास देणारे ब्लॉक हवे होते. त्यांना नमुन्याचा एक पॅलेट, म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेले ब्लॉक, पाठवायचा, त्यांनी त्यातले कुठलेही ब्लॉक उचलून तोडून बघायचे. पसंत पडले तर मालक प्रयोग पुढे चालू ठेवणार आणि मलाही. नाही पडले तर प्रयोगाचा कंटेनर पुन्हा खोरी-फावडी ठेवायच्या कामाला जाणार आणि मी चकल्यांच्या. मालकांनी हे मला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की मी नवऱ्यालाही ते नीट सांगितलं नव्हतं. हसण्यावारी नेत होते.

प्रयोग काय आहे ते मी बाबांना जेवताना समजावलं. लोखंड वितळवताना भट्टीत जी मळी वर येते ती थंड करून, दळून तिचं पीठ करतात. त्यात थोडी राख, खडी, वाळू आणि अगदी नावाला सिमेंट घालून ब्लॉक पाडायचे.

"म्हणजे मळी अन् राख," बाबा भाजी वाढून घेत म्हणाले. "उकिरड्यावरचा माल झाला हा."

"पुढे ऐका ना. मग ते ब्लॉक एका हवाबंद कंटेनरमध्ये ठेवायचे आणि आत कार्बन डायऑक्साइड सोडायचा. मळीत चुन्याचा अंश असतो, तो गॅसला धरून ठेवतो आणि त्याचा दगड होतो. हवेत जाणारा गॅस कायमचा ब्लॉकमध्ये बसतो."

"अन् गॅस कुठून आणता?"

इथे मी जरा चाचरले. "जवळच एक व्हिस्कीचा कारखाना आहे. तिथे धान्य आंबवताना निघतो."

बाबा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. ताटावरचा हात त्यांनी थांबवला. "उकिरड्याचा माल, अन् वरून दारूच्या भट्टीची हवा. अन् यावर इंग्रजांची पोरं खेळणार?"

"आयरिश, आजोबा. नॉट इंग्लिश," माझी मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलत मात्र नाही. नवरा हसून हसून ठसकला. मी त्याला पाणी दिलं आणि विषय तिथेच राहिला. त्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून गेली ती अशी: आमच्या ब्लॉकना गॅसआधी पाणी चालत नाही. ब्लॉक पाडल्यावर ते मांडणीवर ठेवून पंख्याखाली थोडे सुकवायचे, म्हणजे आतली बारीक छिद्रं मोकळी होतात आणि गॅस आत शिरतो. छिद्रांत पाणी भरलेलं असलं तर गॅस दारातूनच माघारी जातो. बाबा जे चाळीसेक वर्षं करत आले, त्याच्या बरोबर उलट.

घरी एकटे बसून बाबा कंटाळले. नवरा कंपनीत, नात शाळेत, टीव्हीवर रग्बी. ते भांड्यांची प्रेस लावून ठेवू लागले, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे मला कढई सापडेना. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी आली तेव्हा मी मालकांना विचारून त्यांना यार्डात घेऊन जाऊ लागले.

आश्चर्य म्हणजे दोघांचं चांगलं जमलं. मालक फारसे बोलत नसत आणि बाबांचं इंग्रजी सरकारी फायलींतलं. बाबा रोज सकाळी कॅबिनच्या दारात उभं राहून "रिस्पेक्टेड सर, गुड मॉर्निंग" म्हणत. मालक टोपीला बोट लावत. मग दोघे नावाला दूध घातलेला काळाकुट्ट चहा घेऊन मिक्सरकडे बघत बसत. इथे कुठल्याही माणसाचा उल्लेख 'युअर मॅन' असा करतात, आपण 'आपला तो गडी' म्हणतो तसा. थोड्याच दिवसांत सगळं यार्ड विचारू लागलं, युअर मॅन आज आला नाही का? बाबांनी मिक्सरचा आवाज ऐकून त्याचं एक बेअरिंग गेल्याचं सांगितलं. ते गेलेलं नव्हतं. तरीही मालकांनी ते उघडून बघितलं, बाबांचा मान राखायला.

पॅलेटचा माल आम्ही दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पाडला. पडवीसारख्या एका शेडमध्ये दोन बाजूंना मांडण्या होत्या, मधे पंखे. डावीकडच्या मांडणीवर अर्धे ब्लॉक, उजवीकडे अर्धे. त्या दिवशी दुपारी मला संस्थेत जावं लागलं. बाबांना म्हटलं, "तुम्ही बसा इथे, लक्ष ठेवा." इतकंच म्हटलं. लक्ष ठेवा म्हणजे काय हे ओव्हरसियरला कोण सांगतं?

परत आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. जमीन ओली होती, पण ते शेड गळकंच होतं आणि या देशात जमीन कोरडी असली तर माणूस काळजी करतो. मी वजनं घेतली. काट्याजवळचे, म्हणजे उजवीकडचे ब्लॉक उचलले, ते पाहिजे तेवढे सुकले होते. सगळा माल कंटेनरमध्ये गेला, दारं लागली, गॅस सुरू झाला. बाबा त्या दिवशी गाडीत फार खुशीत होते. कालव्यावरच्या गोष्टी सांगत होते, कुठल्याशा पुलावर कुठल्याशा कंत्राटदाराला त्यांनी पळवून पळवून पाणी मारायला लावलं होतं. मी हं हं करत गाडी चालवत होते.

दसऱ्याच्या सकाळी कंटेनर उघडायचा होता आणि दुपारी ट्रक येणार होता. बाबा पहाटेच आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. हातात स्टीलचं तबक: हळद, कुंकू, अक्षता, सुपरमार्केटातून आणलेली पिवळी शेवंती.

"मशिनरीची पूजा करा लागते आज," ते म्हणाले. "मिक्सरले कोणी हार घातला नाही तं तो वर्षभर कुरकुरते."

नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही देवाची थोडी मदत हवीच होती. मालकांना सांगितलं की आमच्याकडे आज अवजारांना मान देतात. त्यांनी टोपी काढून हातात धरली. त्यांच्या आजोबांनी म्हणे नांगराच्या फाळावर पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय कधी जमीन नांगरली नव्हती. मिक्सरला हळदीची बोटं लागली, शेवंती लागली. फोर्कलिफ्टला लागली. कंटेनरच्या दाराला लागली. तोवर फोर्कलिफ्टवाल्याने ब्लॉक बाहेर काढून पॅलेटवर रचले होते. बाबांनी वाटीतली कालवलेली हळद घेतली आणि वरच्या थरावर ब्लॉकमागून ब्लॉक पाच बोटांचे पट्टे ओढत गेले. मग कुंकवाची डबी उघडायला वळले.

आणि परत वळून बघतात तो काय, अर्धे पट्टे लाल!

"अवं, हे पाह्य!" बाबा मोठ्याने ओरडले. "मी तं कुंकू लावलंच नाही अजून! देवीनं स्वतःच्या हातानं लावलं!" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पॅलेटला वाकून नमस्कार केला. मालक "ब्रिलियंट, ब्रिलियंट" म्हणत फोनवर फोटो काढू लागले.

मी मात्र लाल पट्टे मोजू लागले. मुरगळलेल्या पायाला हळद आणि चुना कालवून लावलेला ज्याने पाहिलाय त्याला ठाऊक आहे की ही दोघं भेटली की रंग लाल होतो. कुंकूही त्याचंच करतात. जिथे हळद पिवळी राहिली तिथला चुना गॅसने पकडून त्याचा दगड केला होता. जिथे लाल झाली तिथला चुना तसाच मोकळा होता. म्हणजे अर्ध्या पॅलेटमध्ये गॅस गेलाच नव्हता. देवी पावली नव्हती, देवीने मला सरळ नापास केलं होतं.

मी हातोडा घेतला आणि एक लाल पट्ट्याचा ब्लॉक फोडला. आत आमच्याकडची तपासणीची फवारणी मारली. कच्चा माल असला की तिने गुलाबी रंग येतो. ब्लॉक आतून पार गुलाबी झाला, लहान मुलांच्या वाढदिवसाच्या केकसारखा. पिवळ्या पट्ट्याचा एक फोडला. राखाडी, शांत, पक्का. मग पुन्हा एक लाल. पुन्हा गुलाबी.

"बाबा," मी म्हणाले, "डावीकडच्या मांडणीला तुम्ही काही केलंत का?"

त्यांना अजून देवीचा आनंद होता. "काही नाही. पाणी मारलं थोडं. झारी होती तिथं. किती कोरडे पडले होते ते! उजवीकडं ते गाडं उभं होतं म्हणून जाता नाही आलं, नाही तं तिकडंही..."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण आवाज चढला होता आणि मराठी न कळणारी चार माणसं तोंडं फिरवून कामाला लागली होती एवढं आठवतं. "ते पाणीच नकोय! पाण्यामुळेच गॅस जात नाही! माझी नोकरी आहे ही, बाबा! हा पॅलेट गेला की मी परत घरी बसणार, तुम्ही म्हणता ना तशी, बरं चाललंय तशी!"

तबक बाबांनी हळूच मिक्सरच्या कट्ट्यावर ठेवलं. शर्टाला हळदीचा हात पुसला, पांढऱ्या शर्टाला, आणि सरळ मालकांच्या कॅबिनकडे चालायला लागले. मी मागून धावले. मला आधी मालकांना स्वतः सांगायचं होतं, पण बाबा दारात पोचलेसुद्धा.

"रिस्पेक्टेड सर," ते म्हणाले. दोन्ही हात शरीराला चिकटलेले, साहेबापुढे उभं राहावं तसे. "द फॉल्ट इज माइन. आय हॅव पुट वॉटर. डॉटर हॅज गिव्हन नो सच ऑर्डर. डॉटर इज नॉट रिस्पॉन्सिबल. अ‍ॅक्शन मे काइंडली बी टेकन अगेन्स्ट मी."

एखादा अर्ज वाचावा तसं ते एका दमात बोलले. मला एकदम हसू आलं. कालव्यावर बाबांनी कधी कुणापुढे चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती, घरी तर नाहीच.

मालकांनी चष्मा काढला. त्यांनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय झालं ते तांत्रिक भाषेत सांगितलं. अर्धा पॅलेट कच्चा आहे, ट्रकमध्ये भरू नका, आज पाठवता येणार नाही. बोलताना मला वाटत होतं की संपलं. मालक म्हणाले, मी स्वतः आयुष्यभर पोरांना ओरडत आलोय की ब्लॉक ओले ठेवा. युअर मॅनच्या जागी मी असतो तर दोन्ही मांडण्यांना पाणी मारलं असतं, फोर्कलिफ्ट हलवून. मग त्यांनी फोन उचलला आणि डून लेरीच्या लोकांशी बोलले. माल पक्का आहे, पण मला तो आणखी पक्का हवाय, एक आठवडा द्या, असं काहीसं. फोन ठेवला.

"पण इथे पाऊस पडतो," ते मला म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पडेल, पुढच्या वर्षी पडेल. असला कोरडा माल या देशात सांभाळणार कोण, ते मला दाखव."

हा खरा प्रश्न होता. बाबांनी मला मराठीत विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं.

"मी सांभाळतो," बाबा म्हणाले.

ज्याने गाव बुडवलं त्यालाच धरणावर बसवण्यातला प्रकार होता. पण मालक हसले, पहिल्यांदा दात दिसले त्यांचे, आणि मान हलवली. बाबांनी त्याच दुपारी एक पाटी रंगवली. इंग्रजीत लिहिलं, मोठ्या अक्षरांत, 'काइंडली डू नॉट पुट वॉटर हिअर', आणि खाली मराठीत, 'इथे पाणी मारू नये'.

"मराठी कोणासाठी, बाबा? इथे कोण वाचणार?"

"माह्यासाठी," ते म्हणाले. "हात विसरते."

नवीन माल पडला. बाबांनी शेडचं छप्पर आधी काठीने ठोकून, गळक्या जागा शोधून, ताडपत्र्या बांधून घेतल्या. मांडण्यांभोवती दोरी लावली. आत येणाऱ्याने बूट पुसायचे, हा नियम केला आणि फोर्कलिफ्टवाल्यालाही सोडलं नाही. माल सुकत होता त्या दुपारी वादळ आलं. इथल्या वादळांना लोक नावं ठेवतात आणि मग टीव्हीवर ती नावं घेत बसतात. पाऊस आडवा येत होता. मी संस्थेतून घाईघाईने परत आले, गाडीतून उतरून शेडकडे धावले, तर आतून आवाज आला, "येऊ नको आत! पाय ओले हायेत तुहे!"

ताडपत्रीची एक बाजू वाऱ्याने सुटली होती. बाबा स्टुलावर उभे, एका हाताने ताडपत्री धरलेली, दुसऱ्या हातात बादली, आणि अंगातलं माझ्या नवऱ्याचं महागडं जाकीट काढून त्यांनी वरच्या मांडणीवर पसरलं होतं. स्वतः स्वेटरात ओलेचिंब. मी दारातच थांबले. ओल्या पायांनी आत जायची माझीसुद्धा हिंमत झाली नाही. मी बाहेरून ताडपत्रीची दोरी ओढली, बाबांनी आतून गाठ मारली, आणि दोघे एकमेकांवर ओरडत राहिलो, घट्ट कर, अजून घट्ट, अवं तशी नाही, उलटी गाठ मार. मला त्या वेळी त्यांच्यावर इतकं प्रेम आलं की मी आणखी जोरात ओरडले.

कंटेनर उघडला तेव्हा बाबा वाटीत हळद कालवूनच आले होते. आता पूजेसाठी नाही. चष्मा लावून, एकेका ब्लॉकवर बोट ओढून, ओणवे होऊन ते बघत राहिले. पिवळं. पुढचं पिवळं. सगळं पिवळं. मी चार ब्लॉक फोडून फवारणी मारली, कुठे गुलाबी नाही. बाबांच्या चेहऱ्यावर जरा निराशा दिसली, देवीने काहीच केलं नाही म्हणून असावी.

पॅलेट गेला. डून लेरीहून काही दिवस उत्तर आलं नाही. त्या दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलले नाही, भाकरी करपवली, मुलीवर उगाच खेकसले. मग एका सकाळी मालक मिक्सरपाशी आले, म्हणाले, "दे'आर ग्रँड विथ इट," आणि पुढे निघून गेले. एवढंच! इथे ग्रँड म्हणजे फक्त ठीक. मी त्यांच्या मागे जाऊन विचारलं, म्हणजे मी राहतेय का? ते म्हणाले, नाहीतर दुसरं कोण चालवणार? आणि तो कंटेनर धू, त्याला वास येतोय. मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले आणि मग कंटेनर धुतला.

बाबा अमरावतीला परत जाऊन आता महिना झाला. जायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी दशम्या करत होते आणि ते बैठकीत अमरावतीला फोनवर बोलत होते. पलीकडे त्यांचे कालव्यावरचे जुने सहकारी होते. दोघांनाही कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर आणि आवाज अख्ख्या घरभर. बाबा त्यांना यार्डाबद्दल सांगत होते. मळीचे ब्लॉक, भट्टीचा गॅस, सगळं. माझ्यापेक्षा चांगलं सांगत होते.

"अन् पाणी?" पलीकडून विचारलं. "क्युरिंग किती दिवस ठेवता?"

"नाही ठेवत."

"नाही? अन् तू गप बसला? कार्यकारी अभियंत्यालेही ऐकत नव्हता तू. त्या पुलावर साहेब म्हणे बस झालं पाणी, अन् तू साहेब गेल्यावर पुन्हा मारलं होतं!"

"हो, मारलं होतं," बाबा म्हणाले. "पण इथं नाही चालत बापा. इथं आमच्या साहेबाचं ऐका लागते."

"कोण साहेब? गोरा हाये काय?"

"नाही रे," बाबा म्हणाले. "माही पोरगी."

दशमी तव्यावर फुगली होती. ती उलटायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.